गाठीतली चरबी की कातडीखालची? स्पेक्ट्रोस्कोपिक इमेजिंगमध्ये जागा नेमकी पकडण्याची पद्धत

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून सांगली-साताऱ्याबरोबर कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. आजच्या एमआरआय सेंटरमध्ये त्यातलं एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. झटका आलेला तरुण पेशंट, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूच्या पृष्ठभागाजवळ कड्यासारखी उजळणारी छोटी गाठ. क्षयाची की जंताची, की आणखी कसली, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआय मशीनवरच ऊतीतली रसायनं मोजणारी तपासणी, मागवली जाते. मेंदूच्या चित्रावर चौकोनांचा ग्रिड टाकला जातो, काही मिनिटांनी प्रत्येक चौकोनाचा आलेख येतो आणि त्यात १.३ पीपीएमला (पीपीएम ही आलेखावरची फ्रिक्वेन्सीची मोजपट्टी) उंच पीक, म्हणजे टोक, उभा असतो.

ट्युबरक्युलोमात, म्हणजे क्षयाच्या गाठीत, चरबीचा पीक तिथंच येतो. डोक्याच्या कातडीखाली जी चरबी असते, तिचाही पीक तिथंच येतो. गाठ वरवर असेल तर दोघींमधलं अंतर दीड-दोन सेंटिमीटर. मग हा पीक कुणाचा?

हा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे. सांगली, मिरज, कराड, सातारा इथले टेक्निशियन आणि रेडिओलॉजीचे रेसिडेंट हे माझे पहिले वाचक. नंतरचा गणिताचा भाग खास इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो: जागेचा नेमकेपणा बहुतांशी स्कॅन सुरू करण्याआधीच्या दहा मिनिटांत ठरतो. सॉफ्टवेअर त्यानंतर थोडंफार सावरू शकतं, बिघडलेलं सगळं दुरुस्त करू शकत नाही.

चौकोनाबाहेरचा सिग्नल चौकोनात येतो कसा

ब्राउन, किनकेड आणि उगुरबिल यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीचं तत्त्व आजही बहुतेक मशीनवर चालतं. प्रत्येक टीआरला (दोन मोजण्यांमधला वेळ) फेज एन्कोडिंगची (सिग्नलवर जागेची खूण करण्याची) एक पायरी बदलायची, के-स्पेसचा (कच्च्या मोजमापांच्या तक्त्याचा) एकेक ठिपका मोजायचा आणि शेवटी फुरिए ट्रान्सफॉर्म हे गणिती रूपांतर करून प्रत्येक व्हॉक्सेलचा (ग्रिडमधल्या एका तुकड्याचा) आलेख काढायचा. साध्या एमआरआयमध्ये आपण २५६ किंवा त्याहून जास्त पायऱ्या घेतो. इथं १६ किंवा २४ वर थांबावं लागतं, कारण मेंदूतल्या एनएए, क्रिएटिन, कोलीन या रसायनांचा सिग्नल पाण्याच्या हजारो पटींनी कमी असतो आणि वेळ मर्यादित असतो.

के-स्पेस इतक्या लवकर कापल्यामुळे प्रत्येक बिंदूचा सिग्नल आपल्या व्हॉक्सेलमध्ये मावत नाही. तो दोन्ही बाजूंना लाटांसारखा पसरतो, आणि लाटा एकाआड एक उलट चिन्हाच्या असतात. पहिल्या लाटेची उंची मूळ सिग्नलच्या सुमारे २१ टक्के. एनएएच्या बाबतीत हे खपून जातं. कातडीखालच्या चरबीचं तसं नाही, तिचा सिग्नल मेंदूतल्या रसायनांच्या कितीतरी पट मोठा असतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असले की शेजारच्या बेदाण्याच्या गाळ्यातही पिवळी धूळ बसते. बेदाण्याची धूळ मात्र हळदीवर कुणाला दिसत नाही. स्पेक्ट्रोस्कोपीत चरबी म्हणजे ती हळद.

दुसरी चूक केमिकल शिफ्टची, म्हणजे रसायनागणिक बदलणाऱ्या फ्रिक्वेन्सीची. प्रेससारख्या सीक्वेन्समध्ये (सीक्वेन्स म्हणजे मशीनच्या पल्सचा ठरलेला क्रम) ठरावीक पट्टाच निवडणाऱ्या तीन सिलेक्टिव्ह पल्स मिळून एक पेटी उत्तेजित करतात. प्रत्येक रसायनाची फ्रिक्वेन्सी वेगळी असल्यामुळे प्रत्येकाची पेटी थोडी वेगळ्या जागी बसते. स्क्रीनवर एकच पेटी दिसते, प्रत्यक्षात कोलीनची वेगळी, एनएएची वेगळी, चरबीची आणखी वेगळी.

तिसरं कारण पेशंटची हालचाल. चौथं चुंबकीय क्षेत्राची असमानता. या दोन्हींमुळे आधीच्या दोन चुका वाढतात.

आधी विचारा: ग्रिड हवाच आहे का?

गाठ एकच असेल, दीड-दोन सेंटिमीटरची असेल आणि हाडापासून लांब असेल, तर मी सिंगल व्हॉक्सेल घेईन. त्यात जागा फक्त पल्सने निवडली जाते, के-स्पेसच्या लाटांचा प्रश्नच येत नाही. शिमिंगही (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) त्या छोट्या जागेपुरतं उत्तम होतं. गाठी अनेक असतील, गाठीभोवतीचा भाग बघायचा असेल, विरुद्ध बाजूच्या निरोगी मेंदूशी तुलना हवी असेल, तेव्हा ग्रिडला अर्थ आहे. गाठ सेंटिमीटरभराची आणि हाडाला चिकटलेली असेल, तर रेफर करणाऱ्या डॉक्टरांना आधीच फोन करून सांगावं की उत्तर अर्धवट मिळेल. पेशंटचे पैसे आणि मशीनचा वेळ दोन्ही वाचतात.

पेशंट टेबलावर असताना

डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजचे तुकडे घट्ट बसवा. कानाच्या वर बसवले की डोकं वळत नाही आणि पेशंटला त्रासही कमी होतो. "सात-आठ मिनिटं आवाज येत राहील, गिळलं तरी चालेल, पण डोकं हलवू नका," हे त्याच्या भाषेत सांगा. कर्नाटकातून आलेल्या आजींना मराठीत सांगून उपयोग नाही. सोबत आलेल्या नातेवाइकाकडून सांगून घ्या.

सीक्वेन्सचा क्रम महत्त्वाचा. डिफ्युजन टेन्सरसारखे ग्रेडियंट तापवणारे सीक्वेन्स स्पेक्ट्रोस्कोपीच्या आधी ठेवू नका. ते संपल्यावर मशीन थंड होत असताना फ्रिक्वेन्सी सरकत राहते. त्यामुळे पाण्याच्या सिग्नलचं दमन बिघडतं आणि पीक रुंद होतात. कॉन्ट्रास्टच्या आधी स्पेक्ट्रोस्कोपी करणं चांगलं, पण गाठ कॉन्ट्रास्टशिवाय दिसतच नसेल तर जागा चुकवण्यापेक्षा कॉन्ट्रास्टनंतर केलेली बरी.

पेटी कुठं ठेवायची

तिन्ही प्रतलांतल्या ताज्या इमेज घ्या. अर्ध्या तासापूर्वीच्या इमेजवर पेटी आखू नका, तेवढ्या वेळात डोकं काही मिलिमीटर सरकलेलं असतं. पेटी कवटीच्या आतल्या कडेपासून निदान सेंटिमीटरभर आत ठेवा. वरच्या स्लाइसमध्ये कवटी आत वळते, म्हणून कोरोनल आणि सॅजायटल बघितल्याशिवाय पेटी पक्की करू नका. अक्षीय इमेजवर सुरक्षित वाटणारी १५ मिलिमीटर जाडीची पेटी वरच्या टोकाला हाडात शिरलेली असते, हे कोरोनलवरच कळतं. पेटी तिरकी करता येत असेल तर हाडाच्या उताराला समांतर वळवा.

पल्सची बँडविड्थ, म्हणजे ती व्यापते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, बघा. समजा ३ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीन आहे. तिथं १ पीपीएम म्हणजे सुमारे १२८ हर्ट्झ. कोलीन ३.२ ला, एनएए २.०२ ला, फरक सुमारे १.२ पीपीएम, म्हणजे १५० हर्ट्झच्या आसपास. विखुरलेला सिग्नल पुन्हा जुळवणाऱ्या रिफोकसिंग पल्सची बँडविड्थ १२०० हर्ट्झ असेल तर दोन पेट्यांमध्ये लांबीच्या साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. पेटी ८० मिलिमीटरची असेल तर फरक १० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक अख्खा व्हॉक्सेल. कडेच्या रांगेत कोलीन भरपूर आणि एनएए कमी दिसलं, तर ट्यूमर म्हणण्याआधी हे गणित करा. १.५ टेस्लावर हाच फरक निम्मा होतो. या एका बाबतीत जुनं मशीन जास्त प्रामाणिक आहे.

एक बारकावा इथं सुटतो. ही सरक फक्त पेटीच्या कडांना लागू आहे. पेटीच्या आतले व्हॉक्सेल फेज एन्कोडिंगने वेगळे केले जातात, आणि त्यात केमिकल शिफ्टमुळे जागा हलत नाही. म्हणून उपाय सोपा आहे: पेटी गाठीपेक्षा चांगली मोठी घ्या, गाठ मधोमध ठेवा, आणि सगळ्यात बाहेरची व्हॉक्सेलची रांग वाचू नका. पेटी वीसेक टक्के मोठी आखून जास्तीचा भाग तीक्ष्ण कडांच्या सॅट बँडने (सिग्नल दाबून टाकणाऱ्या पट्ट्याने) कापून टाकला तर सगळ्या रसायनांना एकच सामाईक पेटी मिळते.

आणखी तीन गोष्टी. ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी पाण्यावर ठेवू नका. एनएए आणि कोलीनच्या मध्यावर, म्हणजे पाण्यापासून सुमारे २.१ पीपीएम खाली ठेवा. चरबीची पेटी कोणत्या बाजूला सरकते ते काही मशीनवर निवडता येतं; ती मेंदूच्या आतल्या बाजूला सरकेल अशी दिशा निवडा. हा फुकटचा फायदा आहे, आणि फार थोडे लोक घेतात. तिसरं, मशीनवर सेमी-लेझर हा सीक्वेन्स असेल तर प्रेस सोडा. त्यातल्या ॲडियाबॅटिक पल्सची बँडविड्थ कितीतरी मोठी असते. ५००० हर्ट्झ धरली तर तोच १० मिलिमीटरचा फरक अडीच मिलिमीटरच्या आत येतो.

सॅट बँड

बँड कवटीला स्पर्शिकेसारखे, डोक्याच्या वळणानुसार लावायचे. सहा ते आठ मिळत असतील तर सगळे वापरा. चार सरळ बँड लावून मोकळं होण्याची सवय दिसते. कपाळाचे आणि मागचे चारही कोपरे त्यात उघडे राहतात, आणि चरबी तिथूनच शिरते. बँडची आतली कड हाडाच्या मधून जावी. आत सरकवली तर मेंदूच्या बाहेरच्या थराचा, कॉर्टेक्सचाच सिग्नल जातो, मग गाठीत एनएए कमी असं भलतंच दिसतं. सॅट बँडलाही केमिकल शिफ्टची सरक असते. पाणी आणि चरबी यांत सुमारे ३.४ पीपीएमचं अंतर, म्हणजे ३ टेस्लावर ४३५ हर्ट्झ. तुमच्या मशीनवर बँड चरबीसाठी नक्की कुठं बसतो, हे शेवटी सांगितलेल्या तेलाच्या बाटलीच्या चाचणीतून एकदा बघून घ्या.

ग्रिडचं गणित

एफओव्ही, म्हणजे ग्रिडचं पूर्ण क्षेत्र, डोक्यापेक्षा लहान ठेवला तर बाहेरची चरबी दुमडून ग्रिडच्या विरुद्ध टोकाला येते. पेटी आत आहे म्हणून हे होणार नाही असं वाटतं, पण सॅट बँड आणि पल्स दोन्ही शंभर टक्के काम करत नाहीत. म्हणून समोरून मागे २४० मिलिमीटर घ्या. डोकं आडवं कमी रुंद असतं, तिथं १८० पुरतं.

आता मॅट्रिक्स, म्हणजे ग्रिडच्या पायऱ्यांची संख्या. १६ पायऱ्यांत २४० मिलिमीटर म्हणजे १५ मिलिमीटरचा नाममात्र व्हॉक्सेल. फिल्टर न लावता त्याची खरी रुंदी, म्हणजे सिग्नल निम्म्यावर येतो तिथली, १.२१ पट असते: सुमारे १८ मिलिमीटर. त्यावर २१ टक्क्यांच्या लाटा आहेतच. २४ पायऱ्या घेतल्या तर नाममात्र व्हॉक्सेल १० मिलिमीटरचा. त्यावर हॅमिंग फिल्टर (के-स्पेसच्या कडा हळूहळू मंद करणारा) लावला की रुंदी १.८१ पट होते, म्हणजे पुन्हा सुमारे १८ मिलिमीटर. पण लाटा आता एक टक्क्याच्याही खाली. दोन्हीकडे खरी रुंदी तीच, गळती मात्र वीस पटींहून कमी. माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी तुलना हीच. जास्त पायऱ्या घ्यायच्या त्या ग्रिड बारीक दिसावा म्हणून नव्हे, फिल्टर लावायला जागा मिळावी म्हणून.

वेळेचा हिशोब असा. टीआर १.५ सेकंद धरला तर १६×१६ ला ६ मिनिटं २४ सेकंद लागतात, २४×२४ ला १४ मिनिटं २४ सेकंद. इतका वेळ झटक्याचा पेशंट स्थिर राहणं कठीण. आयताकृती एफओव्ही घेऊन २४×१८ केलं की वेळ १० मिनिटं ४८ सेकंदांवर येतो. के-स्पेसचे कोपरे सोडून फक्त लंबवर्तुळ मोजलं की साडेआठ मिनिटांच्या आसपास. कोपरे सोडल्याने रुंदी थोडी वाढते, पण लाटाही कमी होतात, त्यामुळे हा सौदा चांगला. सिग्नलसाठी एकाहून जास्त ॲव्हरेज (तेच पुन्हा मोजून सरासरी) घेणारच असाल, तर मशीनमधला वेटेड पर्याय शोधा: के-स्पेसच्या मध्याला जास्त ॲव्हरेज, कडेला कमी. हॅमिंगचा आकार मोजतानाच मिळतो आणि त्याच वेळेत सिग्नल-नॉइजही सुधारतो.

ईपीएसआय किंवा स्पायरलसारखा वेगवान सीक्वेन्स उपलब्ध असेल तर एका टीआरमध्ये के-स्पेसची अख्खी रेघ किंवा चक्र मोजलं जातं आणि ३२ पायऱ्याही आवाक्यात येतात. पण व्हॉक्सेलची प्रत्येक बाजू निम्मी केली तर सिग्नल आठपट घटतो, आणि तो भरून काढायला ६४ पट वेळ लागतो. वेगवान सीक्वेन्सने हा नियम बदलत नाही.

ग्रिडची जागा स्कॅननंतरही सरकवता येते. के-स्पेसच्या डेटाला रेषीय फेजने गुणलं की पूर्ण ग्रिड अर्धा किंवा पाव व्हॉक्सेल हलतो, आणि यात काहीही गमवावं लागत नाही. गाठ चार व्हॉक्सेलच्या कोपऱ्यात अडकली असेल तर हे कराच. बहुतेक कन्सोलवर माउसने ग्रिड ओढला की आतून हेच घडतं. झिरो फिलिंगने, म्हणजे न मोजलेल्या ठिपक्यांत शून्य भरून, मात्र चित्र गुळगुळीत होतं, नवी माहिती येत नाही. रंगीत नकाशा देखणा दिसतो म्हणून त्यावर जास्त विश्वास टाकू नका.

शिमिंग आणि टीई

ऑटो शिम पूर्ण डोक्यावर न करता पेटीपुरतं करा. ३ टेस्लावर पेटीतल्या पाण्याच्या रेषेची रुंदी १५ हर्ट्झच्या आसपास आली तर पुढं जा; २५ च्या वर असेल तर पेटी सायनस किंवा कानाच्या हाडापासून दूर सरकवून पुन्हा करा.

टीईकडे, म्हणजे पल्सपासून सिग्नल मोजेपर्यंतच्या वेळेकडे, जागेच्या नजरेतून बघा. ३० मिलिसेकंदाला चरबी सगळ्यात उंच, आणि गळतीही सगळ्यात जास्त. १४४ ला चरबी बरीच ओसरते आणि लॅक्टेटचा जोडपीक १.३३ पीपीएमला उलटा होतो, त्यामुळे दोघांत फरक कळतो. २८८ ला चरबी जवळजवळ संपते, लॅक्टेट पुन्हा सुलटा. वरवरच्या गाठीसाठी मी आधी १४४ चा ग्रिड घेण्याच्या बाजूचा आहे.

पण ३ टेस्लावर एक सापळा आहे. लॅक्टेट उलटा होण्यासाठी १.३३ चे प्रोटॉन आणि ४.१ चा प्रोटॉन दोन्ही रिफोकस व्हावे लागतात. त्यांच्यात २.८ पीपीएमचं अंतर, म्हणजे ३५५ हर्ट्झ. १२०० हर्ट्झच्या पल्सला ही पेटीच्या ३० टक्के सरक झाली. त्या पट्ट्यात फक्त एकच भागीदार रिफोकस होतो, लॅक्टेट उलटत नाही. सिंगल व्हॉक्सेलमध्ये सुलटा आणि उलटा भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि लॅक्टेट नाही असं वाटतं. ग्रिडमध्ये पेटीच्या कडेला हेच होतं. गाठ मधोमध ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

पेशंट उठण्याआधी

पुन्हा एक झटपट लोकलायझर (जागा दाखवणारी इमेज) घ्या आणि पेटी आधीच्या जागीच दिसते का बघा. मग १.३ पीपीएमचा पीक असलेला व्हॉक्सेल आणि तिथून हाडाकडे जाणारी व्हॉक्सेलची पूर्ण रांग उघडा.

गळतीची चरबी काही खुणांनी ओळखू येते. हाडाकडे जावं तसा पीक वाढत जातो. एकाआड एक व्हॉक्सेलमध्ये तो सुलटा-उलटा होतो, किंवा त्याची फेज बाकीच्या पीकशी जुळत नाही. तो रुंद असतो आणि नेमका १.३ वर बसत नाही, कारण तो शिम न झालेल्या भागातून आलेला असतो. विरुद्ध बाजूला, निरोगी मेंदूत, हाडापासून तेवढ्याच अंतरावरच्या व्हॉक्सेलमध्येही तो सापडतो. गाठीतली चरबी असेल तर पीक गाठीवर सगळ्यात उंच असतो, दोन्ही बाजूंना उतरतो, फेज बरोबर असते आणि समोरच्या बाजूला तो नसतो.

ही रांग बघायला दोन मिनिटं लागतात. गळती दिसली तर सॅट बँड हलवून लगेच दुसरा स्कॅन करता येतो. पेशंट विट्याला किंवा फलटणला परत गेल्यावर ते शक्य नाही.

नंतरची प्रक्रिया

आधी फिल्टर न लावता, मग हॅमिंग लावून, असे दोन्ही आलेख शेजारी ठेवा. फिल्टरने चरबीचा पीक कोसळला आणि कोलीन-क्रिएटिन जवळपास तसेच राहिले, तर संशय गळतीवर. एक सावधगिरी: गाठ फारच लहान असेल तर फिल्टरमुळे तिचा खरा पीकही शेजाऱ्यांत मिसळून खाली येतो. म्हणून हा पुरावा एकटा वापरू नका, रांगेच्या खुणांबरोबर जोडून वाचा.

चरबी गणिताने काढण्याच्या पद्धती आहेत. त्यांचा आधार एवढाच की मेंदूतले आणि कातडीखालच्या चरबीचे आलेख एकमेकांसारखे नसतात; कातडीच्या भागातून चरबीचे नमुने घ्यायचे आणि मेंदूच्या आलेखातून त्यांच्यासारखा भाग दाबायचा. एनएए, कोलीनच्या नकाशासाठी हे उत्तम. आपल्या प्रश्नासाठी मात्र धोक्याचं, कारण ट्युबरक्युलोमाची चरबी आणि कातडीची चरबी दिसायला सारखीच. पद्धत दोन्ही पुसून टाकू शकते. क्षयाचा संशय असेल तर मूळ आलेख पाहिल्याशिवाय अशा आलेखावर रिपोर्ट लिहू नका.

चौकोनांऐवजी खरे आकार: इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी

सांगलीत इंजिनिअरिंगची परंपरा जुनी. वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे. तिथल्या किंवा कुठल्याही सिग्नल प्रोसेसिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा भाग प्रोजेक्टसाठी चालेल.

चौकोनी ग्रिड ही सक्ती नाही. गाठीचा आकार, वेंट्रिकलचा आकार, कातडीचा थर, हे सगळं साध्या एमआरआयवरून आपल्याला आधीच माहीत असतं. मग ती माहिती का वापरू नये? १९८८ मध्ये आलेल्या स्लिम पद्धतीची कल्पना हीच होती. तिच्या लेखकांत पॉल लॉटरबर होते, ज्यांना पुढं २००३ साली पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह एमआरआयसाठी नोबेल मिळालं.

पायऱ्या अशा. टी-१ इमेज सेगमेंट करा: गाठ, गाठीभोवतीची सूज, पांढरा भाग, राखाडी भाग, मेंदूजल, कातडीची चरबी. प्रत्येक भागात आलेख एकसारखा आहे असं धरा. मग प्रत्येक के-स्पेस ठिपक्यावर मोजलेला सिग्नल म्हणजे प्रत्येक भागाचा अज्ञात आलेख गुणिले त्या भागाच्या आकाराचा फुरिए गुणांक, यांची बेरीज. हे गुणांक काढायला त्या भागातल्या प्रत्येक पिक्सेलवर कॉइलची संवेदनशीलता आणि फेज एन्कोडिंगचा घटक गुणून बेरीज करा. सगळे गुणांक एका मॅट्रिक्समध्ये ठेवा आणि वेळेच्या प्रत्येक बिंदूला लीस्ट स्क्वेअर्सने सोडवा. तत्त्वतः जेवढे भाग तेवढे ठिपके पुरतात. प्रत्यक्षात अनेक पट जास्त घ्या आणि मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर छापून बघा. तो मोठा असेल तर दोन भाग एकमेकांपासून वेगळे होतच नाहीत, त्यांना एकत्र करा.

आता अडचण. तुमच्या गाठीच्या उत्तरात ज्या वजनांनी के-स्पेसचे ठिपके मिसळले, त्याच वजनांवरून जागेतला प्रतिसाद नकाशा काढा. गाठीबाहेरच्या प्रत्येक भागावर त्याची एकूण बेरीज शून्य येईल, ते गणितानेच ठरलं आहे. पण बिंदूगणिक तो शून्य नाही. कुठं धन, कुठं ऋण. कातडीची चरबी सगळीकडे सारखी असती तर धन-ऋण कटले असते. ती सारखी नसते, जाडी बदलते, क्षेत्रही बदलतं. जे कटत नाही ते गाठीच्या आलेखात गळतं. साध्या ग्रिडमध्ये गळती डोळ्यांना दिसते, इथं ती देखण्या आलेखात लपते. म्हणून प्रतिसाद नकाशा काढल्याशिवाय स्लिमचा निकाल कुणालाही दाखवू नये असं माझं ठाम मत आहे.

उपाय आहेत. कातडीचा थर एकच न ठेवता आठ-दहा तुकड्यांत कापा. फील्ड मॅप घेऊन प्रत्येक पिक्सेलची फ्रिक्वेन्सी सरक मॅट्रिक्समध्ये घाला. १९९१ मध्ये व्हॉन किनलिन आणि मेहिया यांनी स्लूप ही पद्धत मांडली. तिच्यात फेज एन्कोडिंगच्या पायऱ्याच अशा निवडतात की हव्या त्या भागाचा प्रतिसाद बाहेर बिंदूगणिक शक्य तितका लहान राहावा. त्याच वर्षी लियांग आणि लॉटरबर यांनी भागाच्या आतल्या चढउतारांना जागा देणारी सुधारित स्लिम मांडली. सुरुवात स्लिमने करा, मग यापैकी एकाकडे जा.

घरगुती फँटम

तयार फँटम, म्हणजे मशीन तपासायचा नकली नमुना, महाग असतो. आपल्या कामापुरता इथं बनवता येतो. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या, तिच्यात एक छोटी प्लास्टिकची बाटली बुडवा. झाकण, कडी, तार कशातही धातू नको. बरणीत दर लिटरला सुमारे ७.५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, जिमवाल्यांच्या दुकानात मिळतं ते बिनचवीचं. म्हणजे सुमारे ५० मिलिमोलर. छोट्या बाटलीत निर्जल सोडियम ॲसिटेट दर लिटरला ४.१ ग्रॅम, तेही ५० मिलिमोलर. दोन्हीत दर लिटरला ३ ग्रॅम मीठ. पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि काठोकाठ भरा, हवेच्या बुडबुड्याने शिम बिघडतं. बरणीच्या बाहेरून शेंगतेलाच्या बंद प्लास्टिक बाटल्या चिकटवा. त्या कातडीच्या चरबीची जागा घेतील. तेलाचा मुख्य पीक १.३ पीपीएमलाच येतो.

सगळं आदल्या संध्याकाळी स्कॅनर रूममध्ये ठेवून द्या. एसीमध्ये ते वीस-बावीस अंशांना येईल, आणि पाण्याचा पीक ४.७ ऐवजी सुमारे ४.८५ ला दिसेल. दर अंशाला ०.०१ पीपीएम एवढी त्याची सरक असते. घाबरायचं कारण नाही.

आता नेहमीचा प्रोटोकॉल चालवा. ॲसिटेटचा पीक १.९ ला येतो आणि तो फक्त छोट्या बाटलीतच असायला हवा. बाटलीपासून एक, दोन, तीन व्हॉक्सेल दूर तो किती उरतो ते मोजा. तीच तुमची गळती. तेलाचा १.३ चा पीक बरणीच्या आत कुठवर पोहोचतो ते सॅट बँड लावून आणि न लावता बघा. बँड एकेक करून दोन-तीन मिलिमीटर आतबाहेर सरकवा. तेल सगळ्यात कमी जिथं होतं ती जागा लिहून ठेवा. छोट्या बाटलीच्या कडेला ॲसिटेट आणि क्रिएटिनच्या सीमा वेगवेगळ्या दिसतात का, हेही तपासा. पाणी जुनं झालं की टाकून द्या, क्रिएटिन हळूहळू बदलतं आणि पाण्यात जंतूही वाढतात.

हे आकडे कन्सोलशेजारच्या वहीत तारखेसह लिहा. सर्व्हिस इंजिनिअरने कॉइल किंवा सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा तेच करा.

रिपोर्टमध्ये

नाममात्र व्हॉक्सेलबरोबर खरी रुंदीही लिहा: "नाममात्र १० मिमी, फिल्टरसह सुमारे १८ मिमी." टीई, मशीनची टेस्ला, हाडापासूनचं अंतर लिहा. गाठीच्या आलेखाबरोबर विरुद्ध बाजूचा आलेख छापा. १.३ च्या पीकवर शंका उरली असेल तर "चरबीचा पीक, शेजारच्या कातडीखालील चरबीची गळती नाकारता येत नाही" असं सरळ लिहा, कारण या वाक्यावर कुणाचं तरी अनेक महिन्यांचं क्षयाचं औषध सुरू होणार किंवा थांबणार असतं. आणि कच्चा डेटा, फक्त जेपीईजी नव्हे, सेव्ह करा. पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलेल्या पेशंटचा ग्रिड तिथं पुन्हा हलवून बघता येतो, तो कच्च्या डेटावरूनच.